अथूसाचे पाय

अथूसाला आमच्या गावात सगळे ‘क्सिपोलिती’ म्हणत. म्हणजे अनवाणी. क्रीट बेटावरच्या आमच्या पिलोहोरीत प्रत्येकाला एक नाव आईबाप ठेवतात आणि दुसरं गाव ठेवतं, आणि गावाने ठेवलेलंच टिकतं. मला ‘खडू’ म्हणायचे. एकतीस वर्षं मी तिथे मास्तरकी केली, तेवढ्या वर्षांत पाच माणसांनी तरी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली असेल की नाही, शंकाच आहे.

अथूसाकडे बूट नव्हते असं मुळीच नाही. चर्चला, लग्नाला, हेराक्लिओ शहराच्या बाजाराला ती काळे, नाडीचे, पुसून चकचकीत केलेले बूट घालून जायची. ती वरच्या डोंगरातल्या मेंढपाळाची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी सीफिसशी लग्न करून खाली आली तेव्हा तिला मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सीफिसने शिकवलं. पाचसहा वर्षांत ती अशी तयार झाली की डोळे मिटून मातीवर अनवाणी उभी राहायची आणि ही नदीकडची, ही चर्चमागची, हिच्यात वाळू जास्त पडली आहे, असं सांगायची. मी स्वतः दोनदा तिची परीक्षा घेतली होती, दोन्ही वेळा तोंडावर पडलो.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला तो माझ्यामुळे झाला. अनवाणी पाय दिसला की माझं डोकं फिरायचं. मी गावात रुजू झालो तेव्हा शाळेत एकोणचाळीस पोरं होती आणि त्यातली सव्वीस अनवाणी. जानेवारीत पाय निळे पडायचे त्यांचे. मी वर पत्रांवर पत्रं लिहून, भांडून, एकदा तर साहेबाच्या दारात उपाशी बसून मदतीच्या बुटांच्या दोन पेट्या मिळवल्या. तेव्हापासून माझी ठाम समजूत होती की पायात बूट म्हणजे सुधारणा आणि उघडा पाय म्हणजे लाज. अशा समजुती चांगल्या माणसाला जरा जास्तच मूर्ख बनवतात.

आमचं गाव रांजणांचं. तेलाचे, दारूचे, धान्याचे, माणूस आत उभा राहील एवढे रांजण. मे महिन्यात संत कॉन्स्टंटाईनचा सण झाला की सहासहा जणांच्या टोळ्या गाढवं लादून बाहेर पडायच्या, गावोगाव मातीच्या जागी मुक्काम करायच्या, तिथेच घडवायच्या, तिथेच भाजायच्या आणि सप्टेंबरात परत यायच्या. टोळीत प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिला मुख्य मिस्त्री, दुसरा दुय्यम मिस्त्री, तिसरा चाक फिरवणारा, चौथा मातीवाला, मग लाकडं आणणारा आणि ओझी वाहणारा. निघायच्या सकाळी चौकात याच क्रमाने उभे राहायचे.

मातीवाल्याचं काम बघणाऱ्याला गाढवाचं वाटतं. माती खणायची, कुटायची, चाळायची, भिजवायची आणि मग उघड्या पायांनी तुडवायची, तासन् तास. पण रांजणाचा जीव त्याच्या तळव्यात असतो. आमच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, काही वाटाण्याएवढे, काही मसुरीएवढे. चाळणीतूनही निसटतात. असा एक खडा मातीत राहिला तर भट्टीतून रांजण सुरेख निघतो, टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो. मग त्यात पाणी भरलं की खडा आतल्या आत फुगतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रांजणाचा टवका उडतो. तो खडा बोटांना सापडत नाही, डोळ्यांना दिसत नाही. फक्त तळव्याला कळतो.

सीफिस चौदा वर्षं मिरोन मिस्त्रीच्या टोळीत मातीवाला होता. अठ्ठावन्न साली फेब्रुवारीत तो ऑलिव्हच्या झाडावरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. घरात अथूसा आणि दोन मुली. मोसमाचा वाटा हाच त्या घराचा वर्षभराचा गहू. आणि चौथी जागा एकदा दुसऱ्या माणसाकडे गेली की ती परत येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बायका आमच्या कॉफीच्या दुकानात शिरत नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पण शिरत नाहीत. ईस्टरआधीच्या उपासाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अथूसा दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

“सिंतेकने,” तिने आत बसलेल्या मिरोनला हाक मारली. तिच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्यात मिरोन तिचा धर्मबाप झाला होता, म्हणून दोघं एकमेकांना या नात्याने बोलवत. आमच्या क्रीटमध्ये हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड.

“बोल, सिंतेकनिसा.”

“मोसमाला मातीवाला ठरला का?”

“सीफिस उठला की सीफिस.”

“तो उठणार नाही. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, डॉक्टरला ठाऊक आहे. फक्त सीफिसला सांगायचं राहिलंय. मी येते त्याच्या जागी.”

पटावर फासे खेळणाऱ्यांनी माना वळवल्या. दुय्यम मिस्त्री कानाकिस, ज्याला प्रत्येक बोलण्यात चमचा घालायची खोड, तो म्हणाला, “कशाला येतेस गं? स्वयंपाकाला?”

“स्वयंपाक तूच कर बाबा. गेल्या साली तुझ्या मसुरीने कुणी मेलं नाही, म्हणजे जमतंय तुला.”

सगळे हसले. मिरोन हसला नाही. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंतचे काळे चामडी बूट, आणि बोलण्याआधी मिशीला दोनदा हात लावायची सवय. त्याने दोनदा हात लावला.

“तू चांगली तुडवतेस, मला माहीत आहे. हिवाळ्यात तुमच्या अंगणातली माती मी वापरतो. पण सहा गावं फिरायची, पाच पुरुषांत एक बाई, आणि गुडघ्यापर्यंत उघडे पाय. लोक रांजण बघायला येतील की तुझ्या पोटऱ्या?”

“माझ्या पोटऱ्यांनी रांजण खपणार असतील तर तुझं नुकसान काय?”

इथे माझी जीभ वळवळली. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “मिस्त्री, यावर सोपा उपाय आहे. हेराक्लिओच्या बंदरावर कोळ्यांसाठी रबरी बूट मिळतात, गुडघ्यापर्यंतचे. मी आणून देतो. पाय झाकले जातील, लाजही झाकली जाईल आणि या बिचारीचे पायही फुटायचे नाहीत.”

मला वाटलं मी बायबलातल्या शलमोन राजासारखा न्याय केला. मिरोनचा चेहराही सैल झाला. अथूसाने मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला कप खाली ठेवला.

“मास्तर, तुम्ही रस्सा चाखता तेव्हा जिभेला फडकं बांधता का?” मग मिरोनकडे वळून म्हणाली, “बूट घालून खडा सापडायचा नाही. सगळ्यांसमोर सांगते, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.”

“बुटांशिवाय मी तुला नेणार नाही,” मिरोन म्हणाला. “ईस्टर झाला की इथेच एक भट्टी लावू. आठ रांजण. माती तुझी, बूट घालून. चांगले निघाले तर माझ्याकडून हो. पण जागा सीफिसची आहे आणि ती त्याने द्यायची, निघायच्या सकाळी, चौकात, स्वतःच्या तोंडाने. तो रिवाज मी मोडणार नाही.”

“भट्टीचं मी बघते. सीफिसचंही मीच बघते,” असं म्हणून ती गेली.

सीफिसचं बघणं सोपं नव्हतं. मी त्याला भेटायला गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. “मी अजून मेलो नाही मास्तर,” एवढंच बोलला. अथूसाने त्याची जागा मागितली त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. ती मात्र त्याला भरवत होती, वळवत होती, पुसत होती, आणि वर रोज सांगत होती, “बोलू नकोस. पण मी जाणार आहे.”

ईस्टरनंतर मी हेराक्लिओहून बूट आणले, माझ्या पैशाने. अथूसाने ते घातले आणि तोंडातून चकार शब्द न काढता कामाला लागली. बुटांची कसर भरून काढायला तिने माती तीनदा चाळली. चार दिवस गुडघे टेकून ओंजळ ओंजळ माती बोटांनी चिमटली. मग रबरात पाय घालून तुडवली. बूट मातीत रुतायचे, बाहेर काढताना चुळकन आवाज यायचा आणि दुकानातले लोक हसायचे. मी हसलो नाही, पण मनातून खूश होतो. म्हटलं, चला, एक पाय तरी आपण सुधारला.

आठ रांजण घडले, वाळले, भाजले. भट्टी उघडली तेव्हा मिरोनने प्रत्येकाला टिचकी मारली, प्रत्येक वाजला. पाणी भरून ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येताना पहिला आवाज ऐकला, टक्. रांजणाच्या पोटावरून टवका उडाला होता आणि खळग्यात पांढरा ठिपका. सूर्य मावळायच्या आत तीन रांजण गेले.

“बाईच्या पायाला माती धरत नाही, हे आमची म्हातारी माणसं उगाच सांगत नव्हती,” कानाकिस म्हणाला. मिरोनने कुणाला दोष दिला नाही. तो फक्त म्हणाला की शेजारच्या गावातल्या एका मातीवाल्याला त्याने निरोप पाठवला आहे.

मी अथूसाच्या घरी गेलो. ती हौदापाशी बूट धूत होती.

“परत घेऊन जा, मास्तर. छान आहेत. थेंबभर पाणी आत येत नाही. बाहेरचं काहीच आत येत नाही.” तिने बूट माझ्या हातात दिले. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नाही हलला. “खड्ड्यात तिसरा हिस्सा माती उरली आहे. तीच माती, त्याच चाळणीची. उद्या सकाळी मी ती माझ्या पायांनी तुडवणार आहे. मिरोनला सांगा, बघायचं असेल तर बघ म्हणावं. नसेल बघायचं तरी मी तुडवणार.”

कामाचं अंगण दुकानाच्या अगदी समोर. सकाळी ती चर्चचे काळे बूट घालून आली. कठड्यावर बसली. सावकाश नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे गुंडाळून त्यात ठेवले, घागरा वर खोचला आणि मातीत उतरली.

“आली रे आली, क्सिपोलिती आली,” दुकानातून कानाकिस ओरडला. दोघाचौघांनी री ओढली. तिने वर पाहिलं नाही. कडेपासून सुरुवात करून ती गोल गोल आत सरकत होती, टाच दाबायची, पाऊल फिरवायची, थांबायची. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत काहीतरी धरून पाय वर उचलायची, खडा हातात घ्यायची आणि कठड्यावर ठेवायची.

मी शाळेत गेलो, पण लक्ष लागेना. त्याच सकाळी एका पोराने निबंधात ‘क्सिपोलितोस’, म्हणजे त्याच शब्दाचं पुल्लिंगी रूप, लिहिलं होतं आणि मी लाल शाईने खोडून वर ‘अनिपोदितोस’ लिहिलं होतं. तोच आमचा जुना, शुद्ध, पुस्तकी शब्द. पायाखाली काही न बांधलेला, असा त्याचा अर्थ. गावातला शब्द मला नेहमीच गावंढळ वाटायचा. मधल्या सुट्टीत, का कोण जाणे, मी मोठा कोश काढला आणि त्या गावंढळ शब्दाचं मूळ बघितलं. बघून खुर्चीत बसूनच राहिलो. पोरं वर्गात परत आली तरी मला कळलं नाही.

दुपारी दुकानात गेलो. मिरोन उंबऱ्याजवळ एकटाच बसला होता, नजर अंगणावर.

“मिस्त्री, हे लोक तिला जो शब्द ओरडतायत ना, त्याचा अर्थ त्यांना माहीत नाही. मलाही नव्हता.”

“अनवाणी. त्यात काय माहीत नसायचंय?”

“पुस्तकातला जुना शब्द म्हणतो, याच्या पायाला काही बांधलेलं नाही. म्हणजे नाहीच आहे, कमी आहे. पण आपल्या लोकांनी तो टाकून हा घेतला. याचे तुकडे केले तर निघतं, खालून, सोडून, बाहेर. पायाखालचा बंद सोडून मोकळा झालेला. जोडे होते, ते सोडले. या शब्दात गरिबी कुठेच नाही, मिस्त्री. मी एवढी वर्षं पोरांच्या वह्यांत हा शब्द खोडत आलो.”

मिरोनने मिशीला दोनदा हात लावला. “आणि हे तुम्हाला पुस्तकात बघावं लागलं?” तो म्हणाला. “सकाळपासून ती समोर तेच करतेय.”

मीही खुर्ची ओढून अंगणाकडे तोंड करून बसलो.

कठड्यावर तोवर एकेचाळीस खडे झाले होते. ती शेवटचे फेरे मारत होती. तिच्या डाव्या पायातून रक्त येत होतं, ते मातीत दिसत नव्हतं, पण पाय उचलला की कळायचं. मिरोन उठला, रस्ता ओलांडून अंगणात गेला आणि कानाकिसला हाक मारली, “इकडे ये, बूट ओढ माझे.”

आमचे ते उंच बूट एकट्याने निघत नाहीत. कानाकिसने एकेक धरून, लाल होऊन ओढले. मुख्य मिस्त्री मातीत पाय घालत नाही, त्याच्या हाताखाली तयार माती येते. मिरोनचे पाय वीस वर्षांत गावाने पाहिले नव्हते. सोललेल्या बटाट्यासारखे पांढरे पाय घेऊन तो मातीत उतरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग आडवा चालला. मध्येच थांबला.

“इथे आहे एक,” तो म्हणाला.

अथूसा गेली, तिथे तिने पाऊल फिरवलं. “तो खडा नाही, सिंतेकने. तुझ्या पायाचं कुरूप आहे.”

मिरोनने पाय उचलून बघितला. कुरूपच होतं. तो हसायला लागला आणि थांबेचना, मग सगळं दुकान हसलं, कानाकिससुद्धा. हसू ओसरल्यावर मिरोन म्हणाला, “झालं. तू येतेस.”

“नाही,” अथूसा म्हणाली.

“आता काय?”

“आधी घडव. भाज. पाणी भर. आठ दिवस थांब. एवढ्या माणसांसमोर माझे तीन फुटलेत, मला दया नको आहे. रांजण काय म्हणतो ते ऐकू, मग तू बोल.”

मला तेव्हा तिचा राग आला. हातात आलेलं कुणी असं परत देतं का? पण ती हट्टाला पेटली होती आणि तिचा हट्ट बरोबर होता. त्या मातीचे चार रांजण झाले. पाणी भरून अंगणात ठेवले. आठ दिवस गावातला प्रत्येक माणूस जाता-येता कान देऊन पुढे जायचा. एकही टवका उडाला नाही. नवव्या दिवशी मिरोनने शेजारच्या गावाला दुसरा निरोप धाडला, येऊ नकोस म्हणून.

“पण मिस्त्री, पाय?” कानाकिस म्हणाला. “उघडेच?”

“ज्याला तिचे पाय बघून त्रास होतो, त्याने डोळे घरी ठेवून यावं.”

राहिला सीफिस. तो भिंतीकडे तोंड करून होता तो होताच. मी गेलो, मिरोन गेला, थोरली मुलगी रडली. त्याने कुणालाच उत्तर दिलं नाही.

संत कॉन्स्टंटाईनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चौकात आलं तेव्हा टोळी निघायला तयार होती. गाढवं लादलेली. मिरोन, कानाकिस, चाकवाला आपापल्या जागी. मग एक रिकामी जागा. मग बाकीचे दोघे. अथूसा रांगेच्या बाहेर, विहिरीपाशी, गाठोडं घेऊन उभी होती. कानाकिससुद्धा तिला म्हणाला, “ये ना, उभी राहा, कोण काय बोलतंय.” तिने मान हलवली. दिल्याशिवाय ती घेणार नव्हती.

“थोडं थांबू,” मिरोन म्हणाला. सावली विहिरीवरून सरकून चर्चच्या पायरीला लागली तरी तो थांबला.

मग गल्लीतून काठ्यांचा आवाज आला. सीफिस दोन कुबड्यांवर येत होता, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा घराबाहेर. चाळीस पावलांचं अंतर, त्याला किती वेळ लागला सांगता येत नाही. कुणी मदतीला पुढे झालं नाही, आणि तेच बरं झालं. तो अथूसाच्या समोर येऊन उभा राहिला, घामाने थबथबलेला. तिच्या तोंडाकडे त्याने बघितलं नाही.

“काढ,” तो म्हणाला.

ती खाली बसली, नाड्या सोडल्या, बूट-मोजे बाजूला ठेवले आणि विहिरीच्या कठड्याला टेकून एक पाय वर धरला. त्याने एक कुबडी काखेत दाबून तो पाय हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला, अर्धवट भरलेल्या जखमेपाशी थांबला. मग दुसरा पाय बघितला.

“उजवी टाच घाई करते तुझी,” तो म्हणाला. “पहिले दोन फेरे डावीने घाल, हळू. आणि कडेला दोनदा जा. खडे कडेला पळतात, तिथेच सगळे चुकतात. मीसुद्धा चुकायचो.”

“बरं,” अथूसा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“सीफिस,” मिरोनने रांगेतून विचारलं, “रिवाजाचं बोलायचं राहिलं. जागा दिलीस का?”

“मग इतका वेळ मी काय बोलतोय?” सीफिस खेकसला.

अथूसा उठली आणि चौथ्या जागी जाऊन उभी राहिली.